नाजूक कर्सिव्ह अक्षरे छापताना तुटतात, भरतात किंवा सुटी होतात: कारणे आणि उपाय

लग्नसराई जवळ आली की सोलापुरातल्या छापखान्यांत, रेडियम कटिंगच्या दुकानांत आणि टॉवेलवर नावे भरून देणाऱ्या कारखान्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. पडद्यावर अतिशय देखणे वाटलेले, हाताने लिहिल्यासारखे नाजूक कर्सिव्ह अक्षर प्रत्यक्ष छापून आल्यावर जागोजागी तुटलेले असते, त्याच्या वेटोळ्यांत शाई भरलेली असते, किंवा एकमेकांत गुंफलेली अक्षरे सुटी होऊन रांगेत उभी राहिलेली असतात. खापर बहुतेक वेळा छपाई करणाऱ्याच्या डोक्यावर फुटते आणि पत्रिका पुन्हा छापल्या जातात. परंतु पुढच्या कामात तोच फॉन्ट, त्याच आकारात आणि तशाच कागदावर वापरला गेल्यामुळे तोच दोष पुन्हा उद्भवतो. या दोषाचे मूळ यंत्रापेक्षा मांडणीच्या टेबलावर अधिक वेळा सापडते. फॉन्ट निवडताना त्याची सर्वांत बारीक रेषा अंतिम आकारात किती मिलिमीटरची होणार आहे, हे कोणी मोजत नाही, आणि बहुतेक पुढचे सारे त्यातूनच घडते.

आधी दोष कोणता ते ठरवावे

तक्रार एकच असली तरी तिच्याखाली तीन वेगळे दोष दडलेले असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बारीक रेषा छपाईत नाहीशी होणे हा पहिला, अक्षरांचे सांधे उघडे पडणे हा दुसरा, आणि काही अक्षरे भलत्याच वळणाची किंवा मोडलेली उमटणे हा तिसरा. त्यांतला फरक ओळखण्याची सोपी रीत अशी आहे की छपाईला दिलेली पीडीएफ फाइल उघडावी, दोष दिसणारी जागा आठशे टक्क्यांपर्यंत मोठी करावी आणि छापील नमुन्याशी ताडून पाहावी. फाइलमध्ये रेषा अखंड आहे आणि कागदावर ती तुटली आहे, असे असेल तर प्रश्न जाडीचा, शाईचा आणि कागदाचा आहे. फाइलमध्येच सांधा उघडा असेल किंवा दोन अक्षरे जिथे एकमेकांवर येतात तिथे पांढरी खिडकी दिसत असेल, तर प्रश्न सॉफ्टवेअरमधील मांडणीचा आहे, आणि छपाईवाल्याने कितीही काळजी घेतली तरी तो सुटणार नाही. फाइलमध्ये एखादेच अक्षर वेगळ्या फॉन्टमधले दिसत असेल, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर मुळातच नाही.

ही तपासणी करण्याआधी फाइल व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून आलेली नाही ना, हे मात्र पाहून घ्यावे. छायाचित्र म्हणून पाठवलेली मांडणी दाबून लहान केली जाते आणि तिच्यातील बारीक रेषा छपाईपूर्वीच करड्या ठिपक्यांत विरघळलेल्या असतात. फाइल नेहमी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

बारीक रेषेचे गणित

या घराण्यातील अक्षरांचा उगम सतराव्या आणि अठराव्या शतकांतील इंग्लिश लेखनगुरूंच्या हस्ताक्षरात आहे. लवचीक टोकाच्या टाकावर खाली येताना दाब दिला की रेषा फाकून जाड होते आणि वर जाताना दाब काढला की ती केसाइतकी बारीक राहते. त्या काळी या वळणांचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात, आणि कोरीव तांब्यातून अत्यंत बारीक रेषाही स्वच्छ उमटते. पुढे प्रत्येक अक्षर छपाईच्या स्वतंत्र धातूच्या खिळ्यावर (टाइपवर) आले तेव्हा हे गुंफलेले वळण छापणे अवघड झाले. ते पुन्हा सुकर झाले ते फोटोटाइपसेटिंगमुळे, म्हणजे अक्षरे प्रकाशाने फिल्मवर उमटवून जुळवण्याच्या तंत्रामुळे. १९६०च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या लेखनगुरूच्या हस्ताक्षरावरून ‘स्नेल राउंडहँड’ हा टाइप तयार केला, तो याच तंत्राचा लाभ घेऊन. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की ज्या माध्यमासाठी ही बारीक रेषा जन्मली ते माध्यम आपल्या हाताशी नाही. आपण ती रेषा जाळीतून, रबरी ब्लँकेटवरून, तापलेल्या ब्लॉकखालून किंवा धाग्यातून काढू पाहतो, आणि या प्रत्येकाची बारकाव्याची मर्यादा ठरलेली आहे.

मोजणी करणे सोपे आहे. निवडलेल्या फॉन्टमध्ये नाव १०० पॉइंट (एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) आकारात टाइप करावे, त्याचे कर्व्हमध्ये, म्हणजे बाह्यरेषांच्या आकृतीत, रूपांतर करावे, आणि सर्वांत बारीक दिसणाऱ्या जागी, म्हणजे बहुधा दोन अक्षरांना जोडणाऱ्या चढत्या रेषेत, रेषेच्या दिशेने फिरवलेला एक छोटा आयत बरोबर बसवून त्याची रुंदी वाचावी. समजा ती ०.७ मिमी आली. नाजूक कर्सिव्ह फॉन्टमध्ये अशी जाडी सहज आढळते, कारण १००० भागांच्या अक्षरचौकटीत बारीक रेषा २० भागांची धरली तर १०० पॉइंटला तेवढीच येते. आता तेच नाव पत्रिकेत १२ पॉइंटमध्ये लावले तर ती रेषा ०.०८४ मिमी उरते, आणि १४ पॉइंटमध्ये लावले तरी ०.१ मिमीच्या आतच राहते. पडद्यावर मात्र आपण मांडणी तीन-चार पट मोठी करून पाहत असतो, म्हणून ती डोळ्यांना भरदार वाटते.

या आकड्याची तुलना छपाईच्या पद्धतीशी करावी. गुळगुळीत आर्ट पेपरवर, एकाच भरीव शाईत, ऑफसेट छपाईने पाव पॉइंटची, म्हणजे सुमारे ०.०९ मिमीची रेषा निघू शकते. तीच रेषा गडद पार्श्वभूमीवर पांढरी सोडायची असेल तर दोन्ही बाजूंनी शाई आत सरकते, म्हणून मी अर्ध्या पॉइंटच्या, म्हणजे ०.१८ मिमीच्या खाली जात नाही. स्क्रीन प्रिंटिंग (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) आणि सोनेरी फॉइल यांसाठी ०.२ मिमी ही मी पाळतो ती किमान मर्यादा आहे, आणि खडबडीत किंवा हाताने बनवलेल्या कागदावर तीही वाढवावी लागते. वरच्याच उदाहरणातला फॉन्ट स्क्रीन प्रिंटिंगमध्ये वापरायचा असेल तर गणिताने तो किमान २९ पॉइंटचा हवा. वधू-वरांची नावे त्या आकारात सुंदर बसतात. विवाहस्थळाचा पत्ता, मुहूर्ताची ओळ आणि निमंत्रकांची यादी बसत नाही. बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळते, कारण नावे छान उमटलेली असतात आणि तक्रार खालच्या बारीक मजकुराची असते.

अनेक ऑपरेटर यावर अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन देऊन रेषा जाड करतात. या उपायाचा परिणाम नीट समजून घ्यावा. बारीक रेषा ०.२४ पॉइंटची आणि जाड रेषा १ पॉइंटची असताना ०.२ पॉइंटची आउटलाइन दिली तर बारीक रेषा ०.४४ आणि जाड रेषा १.२ पॉइंटची होते. म्हणजे पूर्वी जाड रेषा बारीक रेषेच्या चौपटीहून अधिक होती, ती आता तिपटीहूनही कमी राहते. ज्या चढ-उतारासाठी हा फॉन्ट निवडला तोच सुमारे एक तृतीयांशाने ओसरतो आणि इंग्रजी ‘ई’, ‘ए’, ‘एल’ यांच्या वेटोळ्यांतील मोकळी जागा चारही बाजूंनी आक्रसते. काम उद्या द्यायचे आहे आणि गिऱ्हाईक दुसरा फॉन्ट मान्य करत नाही, अशा प्रसंगी ही युक्ती वापरता येते. परंतु नेहमीची रीत म्हणून ती मला मान्य नाही. त्यापेक्षा मुळातच कमी चढ-उताराचा, टोकदार टाकाऐवजी साध्या पेनाने लिहिल्यासारखा फॉन्ट घ्यावा. ‘ग्रेट व्हाइब्ज’ आणि ‘डान्सिंग स्क्रिप्ट’ हे गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारे दोन फॉन्ट शेजारी ठेवून पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो: पहिल्याचा डौल बारीक-जाड रेषांच्या खेळात आहे, तर दुसऱ्याच्या रेषा बऱ्याच समान जाडीच्या असल्यामुळे तो लहान आकारातही तग धरतो आणि त्यात ठळक वजनही उपलब्ध आहे.

उन्हाळ्यातील स्क्रीन प्रिंटिंग

आपल्याकडे पत्रिकांचे बरेच काम अजूनही स्क्रीनवर होते, आणि लग्नाचे मुहूर्त एप्रिल-मे महिन्यांत दाटलेले असतात, जेव्हा सोलापूरचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. या उष्ण, कोरड्या हवेत शाईतला द्रावक झपाट्याने उडतो आणि शाई जाळीतच सुकू लागते. सर्वांत आधी बुजतात त्या अरुंद वाटा, म्हणजेच आपल्या बारीक रेषा. पहिल्या काही प्रती स्वच्छ आणि नंतरच्या प्रतींत तीच तीच जागा तुटलेली, असे दिसले तर कारण हेच आहे. फिल्म (जिच्यावरून स्क्रीन तयार होते ती पारदर्शक प्रत) किंवा फॉन्ट बदलून या वेळी काही साधत नाही. शाईत योग्य प्रमाणात रिटार्डर (शाईचे सुकणे लांबवणारा द्रव) मिसळावा, पंख्याचा झोत थेट स्क्रीनवर येऊ देऊ नये, दोन प्रतींमध्ये थांबायचे झाल्यास जाळीवर शाईचा पातळ थर ओढून ठेवावा आणि शक्य असल्यास हे काम सकाळच्या वेळात उरकावे.

पहिल्याच प्रतीपासून रेषा तुटत असेल तर जाळीकडे पाहावे. एका सेंटिमीटरमध्ये १२० धागे असलेल्या जाळीत एका धाग्याच्या मध्यापासून पुढच्या धाग्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ०.०८३ मिमी असते. वर काढलेली १२ पॉइंटची बारीक रेषा ०.०८४ मिमीची होती. म्हणजे पूर्ण रेषा जाळीच्या जेमतेम एका घराएवढी रुंद आहे, आणि धागा जिथे तिच्या मधोमध येतो तिथे शाईला जायला वाटच उरत नाही. तिरकी चढती रेषा अशा वेळी ठिपक्यांची माळ होऊन उमटते. भिंगाखाली धरल्यास हे ठिपके ठरावीक अंतराने आलेले दिसतात, आणि त्यावरून दोष जाळीचा आहे हे निश्चित होते. जाळी चौकटीला समांतर न ताणता थोड्या कोनात ताणली तर दातेरीपणा कमी होतो. पण रेषेला किमान दोन-अडीच घरांची रुंदी मिळाल्याशिवाय तो पूर्णपणे जात नाही. फिल्मऐवजी ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून स्क्रीन एक्सपोज केली जात असेल, तर काळेपणा अपुरा पडून प्रकाश आत झिरपतो आणि बारीक रेषा स्क्रीनवर उघडतच नाही. नाजूक अक्षराच्या कामाला खरी फिल्मच काढावी. त्यात काटकसर करू नये.

रंग, पार्श्वभूमी आणि फॉइल

ऑफसेटमध्ये एक दोष असा आहे जो पडद्यावर कधीच दिसत नाही. गिऱ्हाइकाला नाव तपकिरी, जुन्या सोन्यासारख्या किंवा फिक्या गुलाबी रंगात हवे असते, आणि आपण तो रंग चार शाईंच्या टक्केवारीतून बनवतो. टक्केवारीतला रंग म्हणजे ठिपक्यांची जाळी. इंचाला १७५ ओळी असलेल्या ठिपक्यांच्या जाळीत दोन ठिपक्यांमधील अंतर ०.१४५ मिमी असते, तर आपली रेषा ०.०८ ते ०.१ मिमीची आहे. ती दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत सापडली तर तेवढ्या भागात कागद कोरा राहतो. भरीस भर म्हणून चार प्लेटांची जुळणी केसभर जरी सरकली तरी रेषेशेजारी दुसऱ्या रंगाची सावली दिसते. म्हणून नाजूक अक्षराला नेहमी एकच भरीव शाई द्यावी: शंभर टक्के काळा, किंवा मुद्दाम कालवलेला स्पेशल कलर. खर्च थोडा वाढतो, हे मान्य आहे. परंतु गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने भिंगातून दाखवले की त्याला कारण समजते आणि तो सहसा नाही म्हणत नाही. काळे अक्षर रंगीत पार्श्वभूमीवर असेल तर ते ओव्हरप्रिंट ठेवावे, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापावे, म्हणजे जुळणी सरकली तरी कडेला पांढरी फट उघडत नाही.

फॉइलमध्ये उलट घडते. तिथे रेषा तुटण्यापेक्षा वेटोळी भरण्याचे प्रमाण अधिक असते, कारण उष्णता आणि दाब यांमुळे फॉइल कडेबाहेर पसरते. म्हणून बारीक रेषेबरोबर सर्वांत लहान मोकळी जागाही मोजावी आणि ती रेषेच्या दीडपटीहून कमी असल्यास अक्षराचा आकार वाढवावा.

सांधे का उघडतात

कर्सिव्ह फॉन्टमधील प्रत्येक अक्षराची शेवटची रेषा पुढच्या अक्षराच्या पहिल्या रेषेवर नेमकी जाऊन बसेल, अशी त्याची रचना केलेली असते. ओळ पानभर पसरवण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढवले की हा मिलाफ बिघडतो आणि प्रत्येक अक्षराच्या शेवटी एक लोंबते शेपूट उरते. कर्सिव्ह मजकुराचे ट्रॅकिंग, म्हणजे सर्व अक्षरांत सरसकट वाढवलेले अंतर, शून्यच ठेवावे. इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये कर्निंग (अक्षरांच्या जोडीजोडीतील अंतर) ‘ऑप्टिकल’ असेल तर प्रोग्रॅम अक्षरांचे आकार पाहून स्वतःच्या हिशेबाने अंतर ठरवतो आणि सांधे मोडतो; ते ‘मेट्रिक्स’ करताच बहुतेक सांधे पुन्हा जुळतात. ओळ दोन्ही समासांना भिडवण्याच्या सेटिंगमध्ये अक्षरांतील अंतर बदलण्याची मुभा दिलेली असेल, तर तीही बंद करावी.

अनेक चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी येणारी वेगवेगळी रूपे असतात आणि शेजारचे अक्षर पाहून योग्य ते रूप आपोआप बसवले जाते. ओपनटाइपची ही सोय सॉफ्टवेअरमध्ये बंद असेल, किंवा मुळात ती न समजणारा जुना प्रोग्रॅम वापरला जात असेल, तर सांधे उंच-खाली होतात. संदर्भानुसार रूप बदलण्याचा पर्याय चालू आहे का, हे प्रथम तपासावे.

कर्व्हमध्ये रूपांतर केल्यानंतर येणारा दोष निराळा आहे. दोन अक्षरांच्या रेषा जिथे एकमेकींवर येतात, तिथे कोरलड्रॉमध्ये ‘कम्बाइन’ केल्यास पांढरी खिडकी पडते. त्याऐवजी ‘वेल्ड’ वापरावे, म्हणजे सर्व अक्षरांची मिळून एकच सलग बाह्यरेषा होते. रेडियम कटिंगसाठी तर वेल्ड न केलेली फाइल देऊच नये, कारण प्लॉटरचे पाते प्रत्येक अक्षराची पूर्ण कड कापते आणि सांध्यावर आडवा चीर पडून नाव सोलताना तिथेच फाटते. वेल्ड करण्याआधी मूळ टाइप केलेली प्रत वेगळी जपून ठेवावी. शुद्धलेखनाची दुरुस्ती हमखास शेवटच्या क्षणी येते.

पूर्ण नाव इंग्रजीतील मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लावू नये. या घराण्यातील मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात, ती एकमेकांना जोडली जात नाहीत, आणि त्यांची वेलबुट्टी एकमेकांत अडकून नाव वाचताच येत नाही.

मराठी मजकुराचे वेगळे प्रश्न

‘ग्रेट व्हाइब्ज’सारख्या रोमन फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. त्यात मराठी मजकूर टाकला तर प्रोग्रॅम चौकोन दाखवतो, किंवा कोणताही हाताशी असलेला देवनागरी फॉन्ट लावून मोकळा होतो, आणि मांडणीतला डौल क्षणात हरवतो. उलट जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये युनिकोडचा मजकूर चिकटवला की अगम्य चिन्हांची ओळ उमटते. तिथे मजकूर आधी त्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीत रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतरानंतर प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा.

युनिकोडमधील हस्ताक्षरी देवनागरी फॉन्टांमध्ये इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याची तीन वजने आहेत, आणि तो देवनागरी व रोमन दोन्ही लिप्यांत असल्यामुळे दोन भाषांच्या पत्रिकेत एकच हात फिरल्यासारखा परिणाम साधतो. तो टाकाच्या बारीक-जाड वळणाचा नाही, साध्या पेनाच्या वळणाचा आहे, आणि छपाईच्या दृष्टीने तेच त्याचे बळ आहे.

नवा देवनागरी फॉन्ट घेताना त्याची परीक्षा आपल्या गावाच्याच शब्दांनी करावी. ‘श्री सिद्धेश्वर’ लिहून पाहावे: ‘द्ध’ नीट जुळला नाही आणि द खाली हलन्त घेऊन उभा राहिला, तर तो फॉन्ट सोलापुरात चालणार नाही. ‘अक्कलकोट’मधील ‘क्क’, ‘पद्मशाली’मधील ‘द्म’, ‘येणाऱ्या’मधील अर्धा ‘ऱ’, ‘ॲड.’मधील ‘ॲ’ आणि ‘ळ’ ही अक्षरेही तपासावीत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ अनेक फॉन्टमध्ये असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडली तरच ते दिसतात. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर हिंदी वळण येते आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेला ते लगेच खटकते. इनडिझाइन आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते.

देवनागरीत ट्रॅकिंग वाढवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की अतिनाजूक फॉन्टमध्ये शिरोरेषाच सर्वांत बारीक असते. ती छपाईत विरली की शब्दाची सलगता जाते आणि वाचणाऱ्याला ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतला भेदही कळेनासा होतो. म्हणून देवनागरीची मोजणी करताना आयत शिरोरेषेवर बसवावा. जलद, गुंफलेल्या लेखनाची स्वतःची परंपरा मराठीला मोडीच्या रूपाने लाभलेली आहे; त्या लिपीत ओळीची शिरोरेषा आधी सलग ओढून घेत आणि अक्षरे तिला लगटून लिहीत. हाताने अक्षरांकन करून घेणार असाल तर हा क्रम देवनागरीतही अवलंबून पाहावा, शिरोरेषा कधी तुटत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील घरांत पत्रिकेची एक बाजू तेलुगूत असते, अक्कलकोट रस्त्याकडील काही घरांत कन्नडमध्ये. या लिप्यांना शिरोरेषा नाही, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. परंतु अक्षराखाली बसणारी छोटी जोडाक्षरे मुख्य अक्षराहून बारीक असतात आणि तीच आधी भरतात किंवा पुसतात. मोजणी तिथे करावी, आणि प्रूफ ती भाषा वाचणाऱ्या माणसालाच दाखवावे.

टॉवेल, चादर, पाटी आणि मोबाइल

आहेराच्या टॉवेलवर किंवा हॉटेलच्या मागणीवर नाव भरताना छपाईचे आकडे विसरावे लागतात. भरतकामाचा नेहमीचा ४० नंबरचा धागा स्वतःच सुमारे ०.४ मिमी जाड असतो आणि सॅटिन टाक्याची (शेजारीशेजारी आडवे टाके भरून केलेली) पट्टी १ मिमीहून अरुंद केली तर टाके एकमेकांवर चढून गाठ होते. शिवाय टेरी टॉवेलच्या कापडावर फासे उभे असतात. बारीक टाका त्यांच्यात बुडून जातो. यावर तीन गोष्टी एकत्र कराव्यात. बारीक चढती रेषा सॅटिनने न भरता दुहेरी धावत्या टाक्याने काढावी, कापडावर पाण्यात विरघळणारी फिल्म पसरून मग भरावे, आणि शक्यतो टॉवेलच्या सपाट विणलेल्या पट्टीवर नाव घ्यावे. जॅकार्डवर (कापडातच नक्षी विणणाऱ्या मागावर) नाव विणायचे असेल तर हिशेब आणखी कडक होतो: इंचाला ४० धागे धरले तर ग्राफचे एक घर ०.६ मिमीहून मोठे येते, आणि तिरकी केसरेषा पायऱ्यांखेरीज दुसरे काही होऊ शकत नाही. चादरीसाठी फॉन्ट लावण्याऐवजी ग्राफवरच घराघराने अक्षर रेखाटून घेणारा जाणकार डिझायनर गाठावा.

नवी पेठेतील दुकानाच्या पाटीवर अक्षर मोठे असते, पण वाचणाराही दूर असतो. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद दिसतो. दहा मीटरवर तो सुमारे ३ मिमी होतो. त्याहून बारीक रेषा असलेले नाव रस्त्यापलीकडून तुटक दिसू शकते. पाटीवर दुकानाचे नाव ठसठशीत अक्षरात आणि फक्त बोधवाक्य किंवा आद्याक्षर कर्सिव्हमध्ये घ्यावे, हे मला अधिक योग्य वाटते.

मोबाइलवरून पाठवायची पत्रिका छापील मांडणीची छोटी प्रत म्हणून काढू नये. १४८ मिमी रुंदीची पत्रिका १०८० पिक्सेलमध्ये बसवली तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.१३७ मिमी येतो, आणि त्याहून बारीक रेषा करडी होऊन विरते. मोबाइलसाठी नावे मोठी, मजकूर थोडा आणि पार्श्वभूमी साधी, अशी वेगळी मांडणी करावी.

हे अक्षर कुठे शोभते

इतके सगळे सांगूनही या अक्षराचे मला फार अप्रूप आहे, आणि ते वापरूच नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. दोन नावे, एखादे आद्याक्षरांचे चिन्ह, मानपत्रावरील सत्कारमूर्तीचे नाव, अत्तराच्या किंवा मिठाईच्या खोक्यावरील एक शब्द, सही, अशा ठिकाणी ते जो जिव्हाळा आणते तो दुसऱ्या कोणत्याही अक्षराला साधत नाही. त्याच्याभोवती मोकळी जागा भरपूर ठेवावी, शेजारी ‘मुक्त’सारखा शांत, समान जाडीचा फॉन्ट ठेवावा आणि दुसरा कोणताही वेलबुट्टीचा फॉन्ट त्याच पानावर आणू नये. पत्ता, वेळ, दूरध्वनी क्रमांक आणि निमंत्रकांची नावे नेहमी त्या शांत फॉन्टमध्येच असावीत, कारण ती वाचणाऱ्यांत आजी-आजोबाही असतात.

छपाईपूर्वीचे प्रूफ अंतिम कागदावर आणि अंतिम आकारातच काढावे; ए-फोर कागदावर मोठे करून काढलेले प्रूफ या कामी निरुपयोगी आहे. त्या प्रूफवर छपाईची पद्धत, शाईचा रंग आणि सर्वांत बारीक रेषेची मिलिमीटरमधील जाडी पेनाने लिहावी, गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि एक प्रत छपाई करणाऱ्याकडे द्यावी, म्हणजे स्क्रीनसाठी कोणती जाळी ताणायची किंवा काम ऑफसेटला वळवायचे, हे त्याला फिल्म काढण्याआधीच ठरवता येते.